ऊस एकच, बंदरं वेगळी

छठच्या दिवसांत मयूर विहारमध्ये भोजपुरी गाणी कानावर पडतात. या भाषेची माणसं कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला पोहोचली आणि मॉरिशसलाही. मराठी समाज मात्र मॉरिशसमध्येच उभा राहिला. असं का झालं? त्यासाठी आधी हे बेट नीट पाहू.

मॉरिशस बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या दिल्लीपेक्षा (१,४८३) थोडं जास्त. ज्वालामुखीतून वर आलेली जमीन, भोवती प्रवाळाचा बांध, मध्ये पठार. उन्हाळ्यात चक्रीवादळं येतात. इतर पिकं त्यात झोपतात, ऊस त्यातल्या त्यात तग धरतो. म्हणून उसानेच बेट व्यापलं.

इथे मूळ रहिवासी नव्हतेच. १६३८ मध्ये डचांनी वसाहत केली आणि ऊस आणला. १७१५ पासून फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८२५ मध्ये ब्रिटनने इथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी केली आणि लागवड झपाट्याने वाढली. पुढे १८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली. आता मळ्यांवर राबणार कोण? मॉरिशसच्या आणि कॅरिबियनच्या मळेवाल्यांनी एकाच दिशेला पाहिलं, ती म्हणजे हिंदुस्थान.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेलं 'अ‍ॅटलस' जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढे करारावर साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे आली. त्रिनिदादला पहिलं जहाज 'फातेल रझाक' ३० मे १८४५ रोजी पोहोचलं. कलकत्ता सोडून तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. तिथे एकंदर सुमारे १ लाख ४४ हजार लोक गेले.

आता बंदरांकडे बघा. कॅरिबियनची भरती मुख्यतः कलकत्ता आणि मद्रासहून होत असे. मॉरिशसला मात्र मुंबईहूनही जहाजं जात. त्यांतून कोकणातली आणि घाटावरची माणसं गेली. संख्येने थोडी, पण समाज टिकावा इतकी! कोणती भाषा कुठे रुजणार, हे बऱ्याच अंशी बंदराने ठरवलं.

टिकणं सोपं नव्हतं. कारकुनाने ऐकून लिहिलेलं पूर्वजाचं नाव पुढे नातवंडांचं आडनाव झालं. घरातली बोली क्रिओल झाली. तरी कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून राहिली, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. १९७५ च्या साखर करारामुळे युरोपात मॉरिशसच्या आणि त्रिनिदादच्या साखरेला हमीभाव मिळत होता. तो करार २००९ मध्ये संपला. मॉरिशसने मात्र १९७० पासूनच कापड उद्योगाला हात घातला होता. पुढे पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या. त्रिनिदादमध्ये तेल आणि वायू पुढे आले.

ज्या उसासाठी आपली माणसं नेली, तो आता त्या अर्थव्यवस्थेचा कणा राहिलेला नाही. माणसं राहिली. त्यांची मराठी आता बंदरावर नाही, शाळेतल्या त्या तासावर अवलंबून आहे. महाराष्ट्राबाहेर मुलं वाढवणाऱ्या आपल्यालाही हा हिशेब नवा नाही.