मतभेद असोत, मनभेद नकोत : शिरपूर आणि पवनारची शिकवण

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, हा आपणा सर्वांच्या दृष्टीने भाग्याचा योग होय. अशा प्रसंगी पूर्वजांच्या दानशूरतेचे आणि धर्मनिष्ठेचे स्मरण करणे उचितच आहे. परंतु समाजाच्या इतिहासातील जे पान आपण संकोचाने उलटतो, तेही एकदा शांत चित्ताने वाचावे, असे मला वाटते. मी इतिहासाचा अभ्यासक नाही; वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. मात्र जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, एवढे जाणतो.

जिंतूरकरांना नेमगिरीचे माहात्म्य नव्याने सांगावयास नको. तेथील गुहामंदिरात भगवान पार्श्वनाथांची विशाल मूर्ती लहानशा दगडावर तोललेली पाहून यात्रेकरू क्षणभर स्तब्ध होतो. ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ याच नावाने विख्यात असलेले दुसरे क्षेत्र हिंगोलीच्या पलीकडे, वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे आहे. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही संप्रदाय त्या मूर्तीसमोर शतकानुशतके नतमस्तक होत आले. दोघांची श्रद्धा एकच, पण भगवंतांना पाहण्याची दृष्टी भिन्न. श्वेतांबर परंपरा मूर्तीवर कटिसूत्र व कछोटा मानते, तसेच चक्षू व आभूषणांनी अंगरचना करते. दिगंबर परंपरेला प्रभूचे निर्वस्त्र, वीतराग रूपच पूजनीय वाटते. मूर्ती वाळू व शेणाची असल्याची परंपरा असल्याने तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. लेप कोणी द्यावा आणि त्यात कटिसूत्र असावे की नसावे, येथूनच वादाचा उगम झाला.

१९०५ साली दोन्ही बाजूंनी पूजेचे वेळापत्रक ठरवले. आळीपाळीने प्रत्येकाने आपापल्या विधीने पूजा करावी, अशी ती व्यवस्था होती. परंतु ती निर्वेध चालली नाही. १९१० मध्ये प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेले. १९१८ मध्ये तेथील निकाल लागला, पुढे नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाचा निर्णय १९२३ मध्ये झाला आणि १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अखेरचा निवाडा दिला. व्यवस्थापनाचा अधिकार श्वेतांबर समाजाकडे, आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार पूजेचा हक्क दिगंबर समाजाकडेही, असा त्याचा सारांश होता. एकोणीस वर्षांच्या दाव्यानंतर, सातासमुद्रापलीकडच्या न्यायमूर्तींनीही पूजेच्या बाबतीत कायम ठेवले ते आपल्याच लोकांनी १९०५ मध्ये ठरवलेले वेळापत्रक !

तरीही वाद मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर मार्च महिन्यात, सुमारे बेचाळीस वर्षांनी, ते उघडले. आणि काही दिवसांतच दोन्ही बाजूंमध्ये पुन्हा संघर्ष झाला. ज्या प्रभूंनी उपसर्ग करणाऱ्या कमठावरही समभाव ठेवला, त्यांच्याच दारी हे घडावे, याहून मोठा विषाद कोणता ?

येथे कोणाची बाजू खरी, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. प्रश्न वेगळा आहे. अनेकांतवाद ही जैन दर्शनाने जगाला दिलेली देणगी, असे आपण अभिमानाने सांगतो. आचार्य समंतभद्रांची ‘आप्तमीमांसा’ आणि आचार्य सिद्धसेनांचे ‘सन्मतितर्क’ हे दोन परंपरांत मान्यता पावलेले ग्रंथ एकच गोष्ट शिकवतात. वस्तू अनंत धर्मांची असते, एका ‘नया’तून तिचा एकच पैलू दिसतो, आणि दुसऱ्या नयाचा निषेध करणारा नय मिथ्या ठरतो. गादीवर बसून मला हे सहज कळले. एकच तागा ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसतो आणि ओट्यावर उन्हात नेला की हिरवा. दोन गिऱ्हाइके रंगावरून हुज्जत घालतात तेव्हा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. ती वेगवेगळ्या उजेडात उभी असतात. ‘मला दिसते तसेही असू शकते’ यातील ‘ही’ गेला आणि ‘मला दिसते तसेच आहे’ यातील ‘च’ आला, की तंटा सुरू होतो.

याच विदर्भाच्या भूमीत, वर्ध्याजवळील पवनारला, याच्या नेमके उलट घडले. आचार्य विनोबा भावे यांनी जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, अशी इच्छा व्यक्त केली. विनोबा जन्माने जैन नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांना आपल्या घरातील भिंती अधिक स्पष्ट दिसल्या असाव्यात. श्री जिनेंद्र वर्णी यांनी संकलनाचे कष्ट घेतले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्लीत संगीती भरली. निरनिराळ्या संप्रदायांचे आचार्य, मुनी आणि विद्वान एकत्र बसले आणि ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. त्यात ७५६ गाथा आहेत, म्हणजे १०८ ची बरोबर सातपट.

हे साधले कसे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे कोणी कोणाला जिंकले नाही. स्त्रीमुक्ती किंवा केवलींचा आहार यांसारखे जुने मतभेद त्या दिवशी संपले नाहीत, आजही ते आहेत. परंतु जे सर्वांना मान्य आहे ते पुढे ठेवावे आणि उरलेले प्रत्येकाने आपल्या श्रद्धेत जपावे, एवढा समजूतदारपणा दाखवला गेला. खरे पाहता ही आपली जुनीच रीत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या कर्त्याला दिगंबर उमास्वामी म्हणतात, श्वेतांबर उमास्वाती. दिगंबर पाठात ३५७ सूत्रे, श्वेतांबर पाठात ३४४. तरी ग्रंथ दोघांचाही ! याच ग्रंथातील जीवांच्या परस्पर उपकाराचे सूत्र निर्वाण महोत्सवात सर्वांनी स्वीकारलेल्या जैन प्रतीकाखाली विराजमान आहे. त्याच महोत्सवातील पंचरंगी ध्वजाचे कापड मी अनेकदा विकले आहे. त्यात पाचही रंग पक्के लागतात. एकाचा रंग दुसऱ्यावर उतरला तर ध्वज वाया जातो, आणि एखादा पट्टा काढला तर तो ध्वजच राहत नाही.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण उपदेश करण्यापूर्वी आपली वही दाखवावी. शिरपूरला कुलूप लागले तेव्हा मी विशीतला होतो. आमच्या घराण्यात नेमगिरी आणि शिरपूरची यात्रा जोडीने होत असे. आईचा तो क्रम तुटला आणि माझ्या मनात कटुता भरली. त्या वर्षी संवत्सरीनंतर एक वयोवृद्ध श्वेतांबर व्यापारी आमच्या दुकानी आले आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाले. मी बिल फाडण्यात गुंतल्याचे भासवले आणि मान वर केली नाही. वडिलांनी उठून त्यांना गादीवर बसवले. ते गेल्यावर मला एवढेच म्हणाले, “शिरपूरचं कुलूप सरकारी आहे. तुझं कुणी लावलं ?” पुढील वर्षी क्षमावाणीला मी स्वतः त्यांच्या दाराशी गेलो. मंदिर उघडले तेव्हा आई हयात नव्हती. परंतु घरातील कुलूप उघडलेले तिने पाहिले होते.

बंधू-भगिनींनो, श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण संपते आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते. एकाचा शेवट क्षमेने आणि दुसऱ्याचा आरंभ उत्तम क्षमेने. जणू आपल्या पूर्वजांनी हा सांधा मुद्दामच जुळवला असावा. न्यायालय वेळ वाटून देऊ शकते, व्यवस्थापन ठरवू शकते, परंतु समोरच्याची दृष्टी समजून घेण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. नेमगिरीवरील एवढी मोठी मूर्ती लहानशा दगडावर उभी आहे. समाजाची शांतीही अशाच एका छोट्या ‘ही’वर तोललेली असते. आपल्या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत तो आधार कधी निसटू नये, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र !