बीड आणि घुडखर: एका राज्यातली साडेतीन वर्षं

आजचा एपिसोड रानगाढवावर आहे. हसू नका. वीटभट्टीवरचं आपलं गाढव वेगळं, ते आफ्रिकेतल्या रानगाढवाच्या वंशातलं. हा आशियातला रानगाढव, कच्छच्या छोट्या रणात राहणारा. गुजरातेत त्याला घुडखर म्हणतात.

आता म्हणाल, बीडचा आणि कच्छचा काय संबंध? एक तारीख ऐका: १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी कच्छ आणि सौराष्ट्रही आले. १ मे १९६० पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षं, बीड आणि घुडखराचं रण एकाच राज्यात होतं!

आणि घुडखराचा पडता काळ सुरू झाला तो साधारण तेव्हाच. एकेकाळी हा प्राणी बलुचिस्तान, सिंधपासून वायव्य भारतापर्यंत फिरायचा. १५७१ मध्ये रानगाढवांच्या शिकारीत अकबर वाळवंटात वाट चुकला, त्याचं चित्र अकबरनाम्यात आहे. पुढे घुडखर रणापुरता उरला. तिथे आधी सर्रा आणि मग आफ्रिकन हॉर्स सिकनेस, असे दोन रोग आले. चावणाऱ्या माश्या आणि चिलटांमधून ते पसरतात. १९६२ मध्ये ई. पी. गी यांचा अंदाज होता ८७०. १९६९ च्या मोजणीत उरले फक्त ३६२.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७३ मध्ये सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. २०२४ च्या मोजणीत आकडा आहे ७,६७२!

पण मी इंजिनिअर माणूस, मला यात एक धोका दिसतो. जवळजवळ सगळा डेटा एकाच सर्व्हरवर आहे, बॅकअप नाही. तसाच रोग पुन्हा आला तर?

आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट असा गोड होत नाही. आपल्या शेजारी सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं. आज तिथे एक माळढोक दिसला तरी बातमी होते.

रण काय, आपलं माळरान काय, सरकारी कागदावर दोन्ही 'पडीक'. पुढच्या वेळी कुणी माळाकडे बोट दाखवून म्हणालं, "इथं काहीच नाही", तर एवढंच विचारा: नक्की मोजलंय का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.