बालवाडीतल्या शंभर चिठ्ठ्या

आज बर्कलीला जाऊ. साल १९६८. जॅक आणि जीन ब्लॉक या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोनं बर्कली-ओकलंड भागातली तीन वर्षांची १२८ मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांची पाहणी करायची ठरवली.

पद्धत साधी होती. बालवाडीच्या शिक्षिकेला शंभर चिठ्ठ्या द्यायच्या. प्रत्येकीवर स्वभावाचं एक वर्णन. शिक्षिकेनं एकेका मुलासाठी त्या नऊ ढिगांत लावायच्या: या टोकाला अगदी लागू पडणारं, त्या टोकाला अजिबात न पडणारं. मग कागद कपाटात. मला मोल वाटतं ते या कपाटाचं. मुलगा व्यसनात सापडला की सगळ्यांना आठवतं, 'हा लहानपणापासूनच तसा'. इथे आठवणीवर भिस्तच नव्हती. लिहिणाऱ्या बाईंना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.

मुलं चौदाची झाली तेव्हा १०५ जणांशी अमली पदार्थांबद्दल बोलणं झालं. निष्कर्ष १९८८ साली छापून आले. गांजा ओढणाऱ्यांची बालवाडीतली वर्णनं काढली, तर स्वतःला आवरता न येणं तेव्हाच नोंदलेलं होतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली. बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणं त्यांना जड जात होतं.

१९९० साली जोनाथन शेडलर आणि जॅक ब्लॉक यांचा लेख आला आणि वाद पेटला. काळ नॅन्सी रेगन यांच्या 'फक्त नाही म्हणा' मोहिमेचा होता. अठराव्या वर्षी वारंवार नशा करणारी मुलं एकाकी आणि आवेगी होती, हे अपेक्षितच. पण कधीच हात न लावलेली मुलंही चिंताग्रस्त, मिटलेली निघाली. सातव्या वर्षीच ती नीटनेटकी, आज्ञाधारक आणि भित्री होती. आपल्याकडे असं मूल पाहुण्यांसमोर 'गुणी' ठरतं! एखाद-दुसऱ्यांदा चाखून पाहिलेली मुलं त्यातल्या त्यात स्वस्थ होती.

म्हणजे थोडी नशा बरी? असा अर्थ काढणारे निघाले. तो चूक आहे, आणि लेखकांनीही तसं बजावलं होतं. स्वास्थ्य आधीचं, चाखणं नंतरचं. त्यांचा रोख वेगळा होता: वारंवारची नशा हे लक्षण आहे, आणि लक्षणाला 'नाही म्हण' सांगून आतलं दुखणं जात नाही.

मुलं पाच वर्षांची असताना आई मुलाला एखादं काम कसं शिकवते, हेही टिपलं होतं. वारंवार नशा करणाऱ्यांच्या आणि कधीच न करणाऱ्यांच्या, दोन्हींच्या आया तुलनेनं कोरड्या, टोकणाऱ्या दिसल्या. इथे मी जरा हात आखडता घेतो. मूल हट्टी असलं की आईही चिडते, शिवाय स्वभाव रक्तातूनही येतो. आईच्या वागण्यानंच हे झालं, असं या नोंदींवरून सिद्ध होत नाही.

जीनबाईंना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. त्या १९८१ मध्येच गेल्या. जॅकनी मात्र ही मुलं बत्तिशीला पोहोचेपर्यंत काम चालू ठेवलं.