कोल्हापूरची प्रेक्षणीय स्थळे

भगिनींनो, कोल्हापूर कोणी पाहिले नाही असे घर आपल्या कसालमध्ये शोधूनही सापडावयाचे नाही. अंबाबाईचा नवस फेडावयाचा, लग्नाचा बस्ता बांधावयाचा, नाहीतर घरातले आजारी माणूस सी. पी. आर. मध्ये न्यावयाचे, या तीनपैकी एका कारणाने आपण प्रत्येकजणी घाट चढून गेलेल्या आहोत. ऑगस्ट 2025 पासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आणि आपला सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच्याकडे आला, तेव्हा कोर्टकचेरीचे चौथे कारण जोडले गेले. इतके जाणे-येणे असूनही ते शहर निवांत पाहिलेली बाई मात्र विरळा. मागच्या सहलीला दुपारी दोन वाजता सगळ्याजणी गाडीत येऊन बसल्या. मी म्हटले, अजून दिवस आहे, काहीतरी पाहू. तेव्हा आमच्या एक वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, “अगो, देवीचा दर्शन झाला, साडयो घेतल्यो, आता आणि काय बघूचा रवला?” त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, इतिहासाची पंडित नव्हे. परंतु नणंद कोल्हापूरला असल्यामुळे वर्षातून एखादी फेरी होते आणि जे पाहिले, वाचले ते सांगता येते.

पहिली गोष्ट अशी की, कोल्हापूर आपल्याला परके नाही. आज मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर आपण पाहुण्यांना हौसेने नेतो, तो किल्ला आणि मालवण बंदर 1812 सालापर्यंत करवीरच्या छत्रपतींच्या ताब्यात होते. त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. कुडाळची बाजू वाडीकर सावंतांची. दोघांच्या भांडणात मधल्या गावांनी काय भोगले असेल ते त्यांनाच ठाऊक.

आता देवळापासूनच सुरुवात करू, कारण तेथे आपण जातोच. परंतु रांगेत उभे राहून, डोके टेकून, पुजाऱ्याकडून कुंकू घेऊन बाहेर पडणे म्हणजे देऊळ पाहणे नव्हे. काळ्या दगडाचे हे देऊळ चालुक्यांच्या काळापासूनचे मानतात, पुढे शिलाहार व यादव यांनी त्यात भर घातली. देवीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मुसलमानी अमलाच्या धामधुमीत ही मूर्ती कित्येक वर्षे एका घरात लपवून ठेवलेली होती. 1715 साली विजयादशमीस, करवीरचे संभाजी महाराज गादीवर असताना, ती पुन्हा देवळात बसवली गेली. आपण जिच्यापुढे नमस्कार करतो तिला कोणीतरी आपल्या घरात, जिवावर उदार होऊन सांभाळले. त्या घरातल्या बायकांना ते गुपित पोटात ठेवताना काय वाटले असेल, हे मला नेहमी मनात येते.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या पायांवर पडतात, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर चढतात, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. यालाच किरणोत्सव म्हणतात. ढग आले, हवेत धूळ असली की किरणे अर्ध्यावरच राहतात. शिवाय वाटेतल्या इमारतींचीही त्यांना अडचण होते. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने सूर्याचा मार्ग सोडून दिला होता, तो आमच्या काळातल्या माणसाला सोडवेना. नोव्हेंबरमध्ये भातकापणी आटोपलेली असते, तेव्हा मंडळाने सहल त्या दिवसांत धरावी, अशी माझी सूचना आहे.

सी. पी. आर. समोरचा टाऊन हॉल किती जणींनी आतून पाहिला आहे? आपल्यापैकी पुष्कळजणी त्याच्या बागेत डबा खाऊन आलेल्या आहेत. माझे सासरे दवाखान्यात होते तेव्हा भेटीच्या वेळेला अवकाश होता म्हणून मी आत गेले. 1872 ते 1876 च्या दरम्यान मेजर मँट नावाच्या इंग्रज इंजिनियरने ही इमारत उभी केली. आज तेथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी म्हणून टेकाड आहे. तेथे 1945-46 साली उत्खनन झाले आणि सातवाहन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांमागच्या वस्तू निघाल्या. ब्रह्मपुरीच्या या ठेव्यात काशाची, वीतभरही उंच नसलेली एक मूर्ती आहे. ती पोसायडनची. पोसायडन हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव, रोमन लोकही त्याला भजत. आपण नारळीपौर्णिमेला ज्याला नारळ देतो त्याचाच म्हणा ना, दूरदेशीचा भाऊ! समुद्रापासून एवढ्या लांब, घाटमाथ्यावर हा देव आला कसा? त्या काळी रोमची गलबते पश्चिम किनाऱ्याला लागत आणि माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. तेव्हा हा देवही कोकणातल्याच कुठल्यातरी बंदरात उतरून वर गेला असावा, असे मला वाटते. दवाखान्याच्या त्या चिंतेत मला एवढी मौज वाटली की सासऱ्यांना खाटेजवळ बसून सगळे सांगितले. ते गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, “म्हणजे आपलोच गाववालो तो!”

टाऊन हॉलच्या मागोमाग नवा राजवाडा सांगते. 1877 ते 1884 या काळात त्याच मँटच्या आराखड्याने तो बांधला. मनोरा, घड्याळ, आतले शस्त्रागार, पेंढा भरलेले वाघ, सर्व पाहण्यासारखे आहे आणि मुलांना फार आवडते. परंतु माझे मन तेथे रमत नाही. राजवाडे राजांसाठी असतात.

मन रमते ते खासबागेत. बायकांना कुस्तीचे काय, असे म्हणू नका. शाहू महाराज 1902 साली विलायतेस गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने गोल क्रीडागार पाहिले आणि तसे आपल्याकडे असावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. 1912 साली खासबाग मैदान झाले. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. वीस-पंचवीस हजार माणूस बसले तरी शेवटच्या ओळीतल्या शेतकऱ्यालाही पहिलवानाची पकड दिसावी, अशी ती रचना. त्याला अगदी पाठीला पाठ लावून महाराजांनी नाट्यगृह बांधले. 14 ऑक्टोबर 1915 रोजी ते सुरू झाले. नाव होते पॅलेस थिएटर. पुढे 1957 साली त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले. केशवराव कोल्हापूरचेच. ललितकलादर्श मंडळी त्यांनी काढली आणि 1921 साली बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’चा तो गाजलेला प्रयोग केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले, वय अवघे एकतीस.

या नाट्यगृहात मी लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी एक संगीत नाटक पाहिले आहे. आपल्याकडे दशावतार पाहून वाढलेली मी, देवळासमोर गोणपाट अंथरून रात्र काढणारी. तेथे खुर्चीवर बसून नाटक पाहताना प्रथम अवघडल्यासारखे झाले. पडदा वर गेला, पेटीचा सूर लागला आणि मग कुठे बसले आहे तेच विसरले. ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकडी रंगमंच, छप्पर, खुर्च्या, सर्व गेले. दर्शनी दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. महिन्याभराने मी गेले तेव्हा रिक्षावाल्याने न विचारताच रिक्षा तेथे हळू केली. म्हणाला, “बघा वहिनी, आमच्या घरातलं माणूस गेल्यागत झालंय.” राजवाडा जळता तर तो असे म्हणाला असता का, कोण जाणे. पुढे नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.

शाहू महाराजांचे कर्तृत्व पाहावयाचे तर कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जावे. 26 जून 1874 रोजी ते येथे जन्मले. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या जातींसाठी राखल्या, हे सर्वांना ठाऊक असते. पण 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला आणि 1919 साली बायकांचा छळ करणाऱ्याला शिक्षेचा कायदा केला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. रखमाबाई केळवकर नावाच्या बाईंना संस्थानच्या मुलींच्या शाळांवर मुख्य अधिकारी नेमले होते, हेही नाही. शंभर वर्षांनंतर माझी शाळा सातवीला सुटली, कारण हायस्कूल लांब आणि धाकटी भावंडे घरात. तेव्हा त्या सक्तीच्या कायद्यासंबंधी वाचताना मी दोन क्षण थांबते.

शहराच्या वेशीवर कावळा नाक्याला महाराणी ताराराणींचा पुतळा आहे. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी तो घडवला. घोडा मागच्या दोन पायांवर उधळलेला आणि सगळा भार त्या दोन पायांवर! आपली गाडी तेथून नेहमी जाते आणि आपण पिशव्या आवरीत असतो. 1700 साली राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या. औरंगजेबाशी सात वर्षे त्या झुंजल्या आणि तो येथेच मेला. 1710 च्या सुमारास पन्हाळ्याला त्यांनी करवीरची वेगळी गादी मांडली. 1714 मध्ये सवतीच्या पक्षाने त्यांना कैदेत टाकले आणि सवतीच्या मुलाला, त्याच संभाजी महाराजांना, गादी दिली. म्हणजे दसऱ्याला अंबाबाई देवळात परत आली तेव्हा गादी उभी करणारी बाई कैदेत होती.

संध्याकाळ रंकाळ्यावर घालवावी. शालिनी पॅलेसची सावली पाण्यात पडते, पाण्यात संध्यामठ दिसतो, काठावर भेळ आणि भाजलेली कणसे. याहून जास्त सांगण्याची गरज नाही, तेथे बसले की झाले.

परतताना फोंडाघाटाची वाट धरली तर राधानगरी लागते. महाराजांनी लेकीच्या, राधाबाईंच्या नावाने ते गाव वसवले आणि धरणाच्या पाण्याला राणीसाहेबांच्या नावाने लक्ष्मी तलाव म्हटले. धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, त्याला 1950 नंतरची वर्षे उजाडली. त्याला सात दरवाजे आहेत. पाणी भरले की आपोआप उघडतात, कोणी कळ दाबावी लागत नाही. श्रावणात गेलात तर ते पाहावयास मिळतील. आणि काकींना गाडीत बसून राहावयाचे असेल, तर पाणी गाडीतूनही दिसते का, ते मी चालकाला विचारून ठेवीन.