पळून न जाण्याची गोष्ट

गेल्या शनिवारी दुपारी टीव्हीवर ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला होता. दहा मिनिटं बघू म्हणून बसले आणि अर्थातच शेवटची गाडी सुटेपर्यंत उठले नाही. सांगलीला आमच्या घरी हा सिनेमा लागला की बाबा शेवटच्या अर्ध्या तासाला चहाचा कप घेऊन हमखास हजर. अमरीश पुरी लेकीचा हात सोडतो आणि बाबांना नेमकी तेव्हाच चष्मा पुसायची आठवण होते. आई आणि मी एकमेकींकडे बघून हसतो. लहानपणापासूनचा रिवाज आहे हा.

या वेळी मी पुण्यातल्या फ्लॅटवर एकटीच होते. बाबा माझ्याशी एकवीस दिवस बोललेले नाहीत. कारण म्हणाल तर सिनेमातलंच. मला एक मुलगा आवडतो, त्याच्याशी मी लग्न करणार आहे, तो लातूरचा आहे, माझ्याइतकाच शिकलाय, माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतो आणि आमच्या जातीतला नाही. शेवटचा मुद्दा सोडला तर बाबांची कशालाच हरकत नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. दरवेळी या सिनेमाला ज्या माणसाचे डोळे भरून येतात, तो नक्की कशासाठी रडतो? म्हणून म्हटलं जरा मागे जाऊन बघू. मी काही इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण कोड कुठे बिघडला ते शोधायला जुने बदल उलटे वाचत जायची सवय आहे. तेवढ्या भांडवलावर हे सगळं.

तर मंडळी, आपल्या हिंदी सिनेमात प्रेमात पडलेल्या पोरापोरींना बरीच वर्षं दोनच वाटा होत्या. पळायचं किंवा मरायचं. बऱ्याचदा आधी पळायचं, मग मरायचं. १९७३ च्या ‘बॉबी’त ऋषी कपूर आणि डिंपल पळून जातात आणि शेवटी धबधब्यात उडी टाकतात. दोघांचे बाप मागोमाग उड्या मारून एकमेकांच्या लेकरांना वाचवतात, म्हणून ती जगली. १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’त बाप वेळेवर पोचले नाहीत. १९८८ च्या ‘कयामत से कयामत तक’मध्ये आमिर आणि जुही घर सोडून डोंगरावर संसार मांडतात, भाजी करपवतात, आणि शेवटी दोघंही जातात. आईच्या पिढीतल्या मुली हा सिनेमा बघून म्हणे आठवडाभर जेवल्या नव्हत्या. आई स्वतः जेवत होती, असं तिचं म्हणणं आहे. आजीचं वेगळं आहे.

आणि मग १९८९ च्या डिसेंबरात ‘मैंने प्यार किया’ आला. आमच्या घरी त्याची कॅसेट होती. टेप इतकी झिजलेली की लताबाई मधेच पाण्यात बुडाल्यासारख्या वाटायच्या. (संगीतकार राम-लक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील. या जोडीला सिनेमात आणलं दादा कोंडक्यांनी, ‘पांडू हवालदार’मध्ये. जोडीतले राम १९७६ मध्ये गेले, पण पाटलांनी दोघांचं नाव तसंच ठेवलं. हिंदीत तुफान चाललेल्या त्या गाण्यांमागे नागपूरचा एक मराठी माणूस होता, हे मला कॉलेजात कळलं.)

मला वाटतं, खरी वळणाची जागा ही आहे. या सिनेमातला प्रेम पळत नाही आणि मरतही नाही. तो पोरीच्या बापाच्या दारात जाऊन उभा राहतो. बाप, म्हणजे आलोकनाथ, अट घालतो: स्वतःच्या कष्टाने महिन्याला दोन हजार रुपये शिल्लक टाकून दाखव, मग पोरगी देतो. करोडपतीचं पोर ट्रक चालवतं, खाणीत राबतं. प्रेमकथेतला खलनायक तिथून हळूच परीक्षक झाला. ज्याच्यापासून पळायचं होतं त्याच्याकडूनच पास व्हायचं. सुमन या काळात काय करते? वाट बघते.

आता गंमत बघा. सुमनचं काम करणारी भाग्यश्री पटवर्धन म्हणजे सांगलीच्या राजघराण्यातली. आमच्या गावात त्या सिनेमाचं कौतुक किती असेल विचारा. पडद्यावर तिच्यासाठी नायक दोन हजार जमवून बापाचा होकार मिळवतो. प्रत्यक्षात तिने १९९० मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि यशाच्या शिखरावर असताना सिनेमापासून दूर झाली. सांगलीतल्या बायका पडद्यावरची गोष्ट मोठ्याने सांगायच्या आणि खरी गोष्ट हळू आवाजात. आजी अजूनही दुसरी गोष्ट सांगताना आधी दार लोटून घेते.

दोन हजारांवरून आठवलं. विषय जरा बाजूला जातोय, पण राहवत नाही. १८८८ मध्ये मुंबईत एका बाईची सुटका बरोब्बर दोन हजार रुपयांना झाली होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. मोठी झाल्यावर तिने दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी निकाल तिच्या बाजूने दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. ‘केसरी’ तिच्या विरोधात, निम्मा समाज विरोधात. शेवटी दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. ती लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढे सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं दवाखाने चालवले. १९५५ पर्यंत जगली बाई. शंभर वर्षांनी आलोकनाथने तीच रक्कम का मागितली, योगायोगच. पण मला हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला आवडतात. एकीकडे बापाच्या होकाराची किंमत, दुसरीकडे बाईच्या नकाराची.

असो. पुन्हा सिनेमा. १९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ आला आणि आज्ञाधारकपणाची कमाल झाली. निशा आणि प्रेम एकमेकांवर प्रेम करतात हे घरात सांगायचं कसं, तर सांगायचंच नाही! तिने गुपचूप प्रेमच्या मोठ्या भावाशी, म्हणजे स्वतःच्या मेहुण्याशी लग्नाला उभं राहायचं, कारण बहीण गेली आणि बाळ सांभाळायचं आहे. शेवटी चिठ्ठी योग्य माणसाला नेऊन देतो तो टफी. कुत्रा. १९८९ ला कबुतर, १९९४ ला कुत्रा. सूरज बडजात्यांच्या घरांमध्ये माणसांनी तोंड उघडायची सोय नव्हती. लहानपणी मला यात काही खटकलं नव्हतं. टफी आवडायचा.

आणि मग २० ऑक्टोबर १९९५. आदित्य चोप्रा तेव्हा चोविशीतला, पहिलाच सिनेमा. पुढे मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरमध्ये २०१४ च्या डिसेंबरात त्याचे हजार आठवडे झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. मला आठवण करून द्यायची आहे ती पंजाबातल्या घरातल्या दोन प्रसंगांची. सिमरन राजला म्हणते, मला घेऊन चल. तो नाही म्हणतो. मग तिची आई, फरीदा जलाल, स्वतःचे दागिने पुढे करते आणि म्हणते, घेऊन जा हिला, इथे कोणी तुमचं ऐकणार नाही. याच आईने आधी लेकीला ‘विसरून जा त्याला’ म्हणून सांगितलेलं असतं. स्वतःच्या आयुष्यात बाई म्हणून जे जे सोडलं त्याची यादी वाचून. म्हणजे ही बाई केवढं अंतर चालून त्या दागिन्यांपर्यंत आलेली आहे! आणि राज दागिने परत करतो. बाबूजी स्वतःच्या हाताने देतील तेव्हाच नेईन.

तेराव्या वर्षी हा प्रसंग बघून मी विरघळले होते. काय संस्कारी मुलगा! आता बघते तेव्हा हिशोब वेगळाच लागतो. लग्न सिमरनचं. सिमरन म्हणते जाऊया, तिची आई म्हणते जा. दोन मतं होकाराची, एक नकाराचं, आणि नकाराचं ग्राह्य धरलं. त्यात हा राज प्रामाणिकपणाचा पुतळाही नव्हे. होणाऱ्या नवऱ्याचा मित्र बनून घरात घुसलेला, सगळ्यांशी खोटं बोलणारा. पण खोटं बोललेलं चालतं, पळालेलं चालत नाही. फक्त बाप राजी झाला पाहिजे. (करवा चौथला तो तिच्यासाठी उपाशी राहतो, त्याचे मार्क मी अजूनही कापत नाही.)

बाबा कशासाठी रडतात ते मला या शनिवारी कळलं. ते राजसाठी रडत नाहीत, सिमरनसाठी तर नाहीच. ते अमरीश पुरीसाठी रडतात. शेवटचा शब्द ज्याचा आहे आणि तो ज्याने दिला, त्या बापासाठी. तो सिनेमा बापांना केवढा मोठेपणा देतो! हात सोडला की झाला देव.

खरं तर कायद्याने हा शेवटचा शब्द बापाकडून कधीच काढून घेतलाय. १८७२ चा विशेष विवाह कायदा होता, त्यात लग्न करायचं तर दोघांनी आधी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही. वय एकवीसच्या आत असेल तर बापाची किंवा पालकाची संमती हवी. विधवेला मात्र ती अट नाही. (म्हणजे बापाच्या परवानगीतून सुटायचं तर आधी एक नवरा मरायला हवा!) १९२३ मध्ये धर्म नाकारायची सक्ती हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती गेली. १९५४ च्या कायद्यात मुलगी अठरा, मुलगा एकवीस, बस. बापाचा उल्लेख उरला नाही. २००६ मध्ये लता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान मुलीने कोणाशीही लग्न करावं, आईबापांना पटलं नाही तर फार तर त्यांनी संबंध तोडावेत, धमक्या आणि मारहाण चालणार नाही. म्हणजे अबोला कायदेशीर आहे. बाबा पूर्णपणे कायद्याच्या चौकटीत आहेत.

फक्त एक गोष्ट कायद्याने मागे ठेवली. नोटीस. लग्नाआधी तीस दिवस विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, आणि तिथे कार्यालयात दिसेल अशा जागी ती लागते. कोणालाही हरकत घेता येते. हरकतीची कारणं ठरलेली आहेत, आधीचं लग्न, वय, जवळचं नातं वगैरे, ‘जात वेगळी’ हे त्यात नाही. पण भिंतीवरचा कागद वाचणाऱ्याला कलमं थोडीच ठाऊक असतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत सांगितलं की जोडप्याने लेखी मागितलं तरच नोटीस लावा. पुण्यात आम्ही लावलेली पाहिली. माझं नाव, वय, पत्ता, शेजारी त्याचं. वर पंख्याच्या वाऱ्याने कोपरा फडफडत होता. आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडेही जाते. म्हणजे सांगलीला. बाबांना ती भिंतीवर वाचायला लागू नये म्हणून मी आदल्या रविवारी एसटीने घरी गेले आणि सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत गेले.

मित्र म्हणाले, कशाला हा उद्योग, आळंदीला जा, दोन तासांत हार घालून मोकळे. खरं आहे, चाकणच्या रस्त्यावरून किती जोडपी अशी जातात. त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. काहींना तीस दिवस मिळत नाहीत.

हे म्हणताना २०१६ आठवतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. ‘सैराट’ लागला २९ एप्रिलला. ‘कयामत से कयामत तक’ही २९ एप्रिललाच लागला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. पहिला अर्धा भाग आम्ही थिएटरात नाचत पाहिला, खरोखर उभं राहून. मग हैदराबाद. ती बाटल्यांच्या कारखान्यात, तो डोशाच्या गाडीवर. भांडणं, संशय, मग हळूहळू जमलेला संसार, बाळ. पळून गेल्यावर भाडं कसं भरतात हे मी तोवर पडद्यावर पाहिलं नव्हतं. आणि मग आर्ची आईला फोन करते. एवढंच. काही दिवसांनी माहेरची माणसं आईने दिलेल्या वस्तू घेऊन दारात येतात. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याला आवाज नाही. आम्ही अकरा जण होतो. परत येताना कोणीच बोललं नाही. आमच्यातला एक मुलगा, जो सगळ्यात जास्त नाचला होता, बसस्टॉपवर म्हणाला, “माझ्या गावात असंच झालंय.” तो कोण, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तोच लातूरचा.

माझे बाबा तसे नाहीत. हे लिहितानाही बोट क्षणभर थांबलं, त्याची लाज वाटते. ते कोयता आणणारे नाहीत, ते टीव्ही बंद करणारे आहेत. पण त्याच्या आईला अजूनही माझी खात्री वाटत नाही, आणि तिला काय सांगायचं?

नोटिशीला आज एकोणीस दिवस झाले. अकरा राहिले. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोघं ठरलेत, एक माझी मैत्रीण आणि एक त्याचा रूममेट. तिसरा अजून ठरला नव्हता.

काल रात्री साडेदहाला आईचा फोन आला. नेहमीच्या वेळी नाही, बाबा झोपल्यावर. पाऊस, पाणी, शेजारच्यांची मांजर असं सगळं झालं. मग जरा वेळ शांतता. मग म्हणाली, “अगं, ते साक्षीदाराला आधार कार्ड झेरॉक्स चालतं का, की मूळ आणावं लागतं?”