विकला जाईपर्यंत माल आपलाच

एकदाच नेसलेला शालू, कुणी वाजवत नाही अशी गिटार, कपाट अडवून बसलेली पर्स. नको झालेली वस्तू दुकानात नेऊन ठेवायची. ती विकली गेली की दुकानदार आपला वाटा कापून बाकीचे पैसे देतो. शहरात आणि आता मोबाईलवरही दिसणारी ही पद्धत आपल्याला नवी वाटते. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला मात्र ती समजावून सांगावी लागत नाही. तो तिला आडत म्हणतो.

नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचरची तरकारी. इथला माल मुंबईला आधी भायखळ्याला जायचा, पुढे वाशीला जाऊ लागला. आडत्या माल विकत घेत नाही, विकून देतो. मग घरी पट्टी येते. वर विक्रीची रक्कम, खाली वजावट: हमाली, तोलाई, गाडीभाडं, पूर्वी आडतही. भाव कोसळला तर आडत्याची कमाई कमी होते, पण तोटा होत नाही. तोटा मालकाचा. कधी वजावटच विक्रीपेक्षा जास्त भरते आणि माल पाठवणाराच देणेकरी ठरतो. त्यात जुन्या काळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या मालकालाही तो कळत नसे.

व्यापारी मात्र फार पूर्वीपासून संघटित होता. जुन्नरच्या लेण्यांमधला एक ब्राह्मी लेख सांगतो की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तिथे लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. शेतकरी पट्टी वाचायचा तो एकटाच. त्याच्या बाजूने महाराष्ट्राचा कायदा १९६३ साली आला. बाजार समित्यांच्या त्या कायद्याने उघड लिलाव आणि हिशोबाचे नियम घालून दिले. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हे २०१६ साली ठरलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता.

आता त्याच घरातल्या जुन्या वस्तूंकडे बघा. विटलेल्या साड्या, आखूड झालेल्या पँटी आडतीला जात नाहीत. दारावर बोहारीण येते. तीन साड्यांवर पातेलं की चार, यावर घासाघीस होते आणि सौदा उंबऱ्यावरच मिटतो. कपडे तिचे, पातेलं आपलं. पुढे धुणं, शिवणं, बाजारात मांडणं तिच्याकडे. साडी खपली नाही तर बोजा तिच्याच डोक्यावर.

म्हणजे ताज्या टोमॅटोची जोखीम शेतकऱ्याची आणि जुन्या साडीची बोहारणीची. व्यवहार उलटसुलट, पण जोखीम दोन्हीकडे दुबळ्याच्याच पदरात पडली.

म्हणून उद्या एखाद्या दुकानात किंवा ॲपवर वस्तू ठेवताना टक्का किती, एवढंच विचारू नका. किती दिवस ठेवणार, भाव कोण उतरवणार, आणि विकली गेली नाही तर खर्च कुणाचा, हेही विचारा. पट्टी हातात आल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो. आपल्या आज्यांना नि आजोबांना ते ठाऊक होतं.