विलंबाचे शास्त्र आणि रायपूरचे लोखंड

एखादी गोष्ट होणार की नाही हा एक प्रश्न आणि ती कधी होणार हा दुसरा. व्यवहारात आपण हे दोन प्रश्न नित्य एकमेकांत मिसळून टाकतो. सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालविणाऱ्या आम्हां मंडळींना मात्र त्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. सारे नियम मंजुरीला अनुकूल असतात आणि तरीही कागद मेजावरून हालत नाही! रसायनशास्त्राला हा भेद नीट उमगण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तो न उमगल्याची किंमत लोखंड गाळणाऱ्यांनी रोख मोजली. नोकरीच्या निमित्ताने आम्ही ज्या रायपुरात येऊन राहिलो आहो, त्याच्या आसपासच्या लोखंडाचा इतिहास या दृष्टीने वाचून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आज दल्ली-राजहरा या नावाने प्रसिद्ध असलेल्या डोंगरांचा प्रदेश पूर्वी रायपूर जिल्ह्यातच मोडत असे; दुर्ग हा वेगळा जिल्हा १९०६ साली झाला. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्यावर एक टिपण प्रसिद्ध केले. तेथील खनिज उत्तम प्रतीचे आहे, ही गोष्ट त्या वेळेपासून सरकारदप्तरी नोंदलेली होती. परंतु शास्त्रज्ञांची नजर तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून या भागात लोखंड निघत होतेच. मंडला, बिलासपूर या मुलखांतील आगरिया लोकांवर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. मातीची, पुरुषभरही उंच नसलेली भट्टी, पायाने चालविण्याचे कातडी भाते, लोणारी कोळसा आणि खनिज, एवढ्या सामग्रीवर आगरिया काही तासांत लोखंडाचा गोळा काढीत. मळी वितळून वाहून जाई. लोखंड मात्र कधीच वितळत नसे. ते मऊ गोळ्याच्या रूपात बाहेर येई आणि घणाखाली घडविले जाई.

एवढ्याशा भट्टीत हे कसे साधे, याचे उत्तर विक्रियेच्या वेगात आहे. खनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे काम कोळसा प्रत्यक्ष फारसा करीत नाही. ते कार्बन मोनॉक्साइड हा वायू करतो. ऑक्सिजन घेतला की त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो. या वायूची पुन्हा तप्त कोळशाशी गाठ पडून त्याचा मोनॉक्साइड व्हावा लागतो, तरच काम पुढे चालते. ही दुसरी पायरी मोठी आळशी असते. लोणारी कोळसा सच्छिद्र असल्याने त्याच्या अंगावर ती झपाट्याने उरकते; दगडी कोळशाच्या कोकवर ती रेंगाळते. आगरियाने यातले एक अक्षरही वाचले नव्हते. पण त्याच्या हाताशी असलेला कोळसा चपळ होता आणि त्याची भट्टी त्या चपळाईच्या मापानेच बांधलेली होती.

विलायतेत जंगले आटली आणि लोखंडाचा धंदा कोकवर गेला. तेथील झोतभट्ट्यांच्या तोंडातून पुष्कळसा मोनॉक्साइड वायू न वापरताच निघून जाई. त्याचा अर्थ असा लावण्यात आला, की वायू आणि खनिज यांना परस्परांचा सहवास पुरेसा घडत नाही. भट्टी उंच करा, सहवास वाढवा, म्हणजे सगळा वायू कामी येईल. इंग्लंडात १८६० नंतर भट्ट्या चढत चढत शंभर फुटांच्या घरात गेल्या. काही उंचीपर्यंत उष्णता वाचून कोकची बचतही झाली. परंतु मोनॉक्साइड निघून जाणे काही थांबले नाही.

हा गुंता ज्या विचाराने सुटला, तो त्याच सुमारास अन्यत्र वाढत होता. विल्हेल्मी या जर्मन संशोधकाने १८५० साली आम्लाच्या योगाने साखरेचे विघटन होताना पाहिले आणि जेवढी साखर शिल्लक असेल त्या प्रमाणात विघटनाचा वेग असतो, असा नियम मांडला. त्याकडे तीसेक वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ साली स्वभाषेत आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. १८६७ ची फ्रेंच आवृत्तीही दुर्लक्षितच राहिली, आणि १८७९ साली तो जर्मनमध्ये आला तेव्हा कोठे त्याचे नाव झाले. परमुलखात मातृभाषेचे मासिक चालविणाऱ्या आमच्या वाचकांस या गोष्टीचे मर्म अधिक सांगावयास नको. पुढे १८८४ साली व्हान्ट हॉफने, सुलट आणि उलट विक्रियांचे वेग समान झाले की समतोल येतो, ही कल्पना व्यवस्थित मांडली. १८८९ साली अऱ्हेनियसने तापमानाबरोबर वेग इतका का वाढतो याची उपपत्ती दिली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली व्हान्ट हॉफलाच मिळाले.

झोतभट्टीचा उलगडा ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८८ साली केला. मोनॉक्साइड उरतो तो वेळ अपुरा पडतो म्हणून नव्हे. तो समतोलाचा वाटा आहे. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास शेवटच्या पायरीवर लोखंड सुटे राहावे, तर या दोन वायूंच्या मिश्रणात सुमारे दोन तृतीयांश मोनॉक्साइड असावाच लागतो. भट्टी आकाशाला भिडविली तरी हा हिशेब बदलत नाही. ‘किती’ या प्रश्नाला ‘कधी’चे उत्तर देण्यात बांधकामाचा पैसा मातीत गेला होता.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला आले असता तेथील संग्रहालयात मध्यप्रांताचा भूगर्भनकाशा त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यावरून ते व वेल्ड हे अमेरिकी तज्ज्ञ दल्ली-राजहऱ्यास गेले. खनिज अपेक्षेहून उत्तम निघाले. तरीही कारखाना येथे झाला नाही. तो साकचीला झाला आणि १९११ च्या डिसेंबरात तेथे लोखंड वाहिले. उंच झोतभट्टीत वरचा भार सोसणारा कणखर कोक लागतो, आणि तसा कोक होणारा कोळसा जवळपास नव्हता. याच उणिवेपायी त्याआधी चांद्याचे लोखंडही मागे पडले होते. पुढे २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, झरियाकडून आगगाडीने कोळसा आणण्याची सोय झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. बोसांच्या टिपणापासून मध्ये बहात्तर वर्षे गेली. खनिज तेच होते, रसायनही तेच होते.

गेल्या तीनेक दशकांत रायपूरच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे कारखाने उभे राहिले. येथे खनिज वितळवीत नाहीत. सावकाश फिरणाऱ्या लांब, आडव्या भट्टीत १००० अंशांच्या जरा वर ते काही तास कोळशाबरोबर राहते आणि घनरूपातच त्याचे लोखंड होते. या भट्टीत कोळशाला भार सोसावयाचा नसतो; त्याने चपळाईने मोनॉक्साइड पुरविला की झाले. म्हणून छत्तीसगडचा जो कोळसा कोकच्या कामी नापास ठरला, तोच येथे उपयोगी पडला. न वितळविता लोखंड काढण्याचा आगरियांचा मार्गच जणू विज्ञानाच्या हाताने पुन्हा उघडला गेला!

मात्र आगरियाच्या भट्टीचा धूर एका पाड्यापुरता असे. या कारखान्यांच्या काळ्या धुळीविषयी रायपूरकरांची तक्रार जुनी आहे. ती धूळ पकडणारी यंत्रे अस्तित्वात आहेत, म्हणजे हे काम होण्याजोगे आहे याविषयी शास्त्राला शंका नाही. ते कधी होईल, याचे उत्तर विल्हेल्मी अथवा व्हान्ट हॉफ यांच्या समीकरणांत मिळावयाचे नाही. तो वेग ठरविणे सर्वस्वी माणसांच्या हाती आहे, आणि त्या माणसांत आम्हां कागद पुढे सरकविणाऱ्यांचीही गणना होते.